उत्तर नाही, म्हणजे रस्ता मोकळा

१

सात नंबरचा डंपर नवव्या वळणावर आडवा झाला, तेव्हा त्याच्या रेडिओचा हिरवा दिवा अजून चालू होता. काच फुटली होती, गाडीभर खडी रस्त्यावर पसरली होती आणि ड्रायव्हरचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. समोरून चढत आलेला रिकामा डंपर हातभर अंतरावर कसाबसा थांबला होता. सात नंबरवाल्यानं ऐन वेळी गाडी डोंगराच्या अंगाला घातली नसती तर समोरचा माणूस गाडीसकट दरीत गेला असता, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते एवढंच, की वळणाआधी त्यानं रेडिओवर हाक दिली होती की नाही.

कारण त्या दगडखाणीचा रस्ता एकेरी होता. वर खाण, खाली फाटक, मधे चौदा वळणं आणि प्रत्येक वळणाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला जेमतेम जागा. भरलेली गाडी उतरवताना ड्रायव्हरनं हाक द्यायची: अमुक नंबर, भरलेली, अमुक वळण सोडलं. चढणाऱ्यानं ते ऐकून बाजूला थांबायचं. थांबायला जागाच नसेल तर त्यानं तेवढं ‘थांब’ म्हणायचं, बाकी सगळ्यांनी तोंडाला कुलूप. हा नियम दोन वर्षांपूर्वी साहेबांनी काढला, कारण ड्रायव्हर लोक रेडिओवर गप्पा झोडतात. तेव्हापासून सगळे एकच गोष्ट धरून गाडी हाकत होते. उत्तर नाही, म्हणजे रस्ता मोकळा.

या सगळ्या गाड्यांवर अँटेना बसवणाऱ्या बाईला अख्खी खाण वहिनी म्हणायची. सात नंबरचा ड्रायव्हर तिचा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळे म्हणायला लागले, आणि एका दिराच्या जागी तिला चाळीस दीर झाले. घरात बसून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वहिनीला या कामात आणलं ते त्यानंच. दहा वर्षांत तिनं बसवलेली एक अँटेना कधी पडली नाही की मुकी झाली नाही, आणि हे ती कुणालाही, न विचारता, सांगायची.

अपघाताच्या पाचव्या दिवशी दुपारी साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला.

“तपासणीचा अहवाल आहे,” साहेब म्हणाले. “अपघाताच्या संध्याकाळी मेस्त्रीनं सात नंबरवर मीटर लावून पाहिला. अँटेना उत्तम. बसवणारीची सही हवी, बस्स.”

वहिनीनं वाचलं. पहिल्या चॅनेलवर १.१, मधल्यावर १.१, शेवटच्यावर १.२. हा मीटर सांगतो की माइकमध्ये बोललेल्यातलं किती हवेत गेलं आणि किती अँटेनातूनच मागे फिरलं. एक म्हणजे सगळं गेलं. तीनच्या पुढे म्हणजे माणूस घसा फोडून बोलतोय आणि आवाज गाडीतच घुटमळतोय.

“अँटेना इतकी चांगली असेल,” ती सावकाश म्हणाली, “तर याचा अर्थ भावोजींनी हाक दिलीच नाही.”

“तसा अर्थ होतो खरा. उद्या सकाळी परवाना कचेरीतले अधिकारी येतील. अवजड वाहनाचा परवाना कायमचा रद्द होईल त्याचा. वाईट वाटतं, पण काय करणार?” साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर त्यांची जीप उभी होती. तिच्या लोखंडी छताच्या बरोबर मधोमध लांब स्टीलची अँटेना डौलात डुलत होती, ती वहिनीच्याच हातची. “आणि सही करायची नसेल, तर अँटेना बिघडलेली होती असं लिहावं लागेल. म्हणजे बसवणारीचा दोष. मग तुमचं काम इथलंही गेलं आणि बाहेरचंही. ठरवा. एकतर दीर खोटा, नाहीतर वहिनी अडाणी.”

वहिनीनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

“दोन्ही नाही,” ती म्हणाली. “आणि हा कागद माझ्याकडे राहू दे. वाचायला आवडला मला.”

२

भावोजी पलंगावर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडले होते. पाच दिवसांत दाढी वाढली होती आणि आवाज खाली गेला होता.

“वहिनी, मी हाक दिली,” ते म्हणाले. पाच दिवसांतली ही पन्नासावी वेळ असेल. “सात नंबर, भरलेली, आठवं वळण सोडलं. असंच म्हणालो. पुढे पाच-सहा श्वास थांबलो. कुणी थांब म्हणालं नाही. मग घेतली पुढे.”

“बाकीच्यांचं ऐकू येत होतं का तुम्हाला?”

“छान येत होतं. खालच्या केबिनमधल्या ताई फाटकावर कोण आलंय ते सांगत होत्या. सकाळी शिट्टीची शिट्टीसुद्धा ऐकली.”

शिट्टी म्हणजे समोरून चढणारा ड्रायव्हर. माइक हातात घेतला की बोलण्याआधी एक शीळ घालायची ही त्याची खोड, साहेबांच्या नियमालाही ती पुरून उरली होती.

“शिट्टी म्हणतो, त्यानं काही ऐकलं नाही.”

“शिट्टी खोटं बोलणारा माणूस नाही,” भावोजी म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यात अडकले. पडल्या पडल्याच त्यांनी हात जोडले. “वहिनी, सही करून टाका. माझं काय, मी कुठे तरी हमाली करीन. तुमचं नाव तरी राहील.”

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

“पाय मोडलाय तुमचा भावोजी, डोकं नाही. हमाली करणार म्हणे! बावीस वर्षं गाडी चालवली, कुणाला ओरखडा नाही. हात खाली घ्या आधी.”

ती तडक खाणीकडे निघाली.

३

खालच्या फाटकाशी केबिन होती, लाकडी, दोन खिडक्यांची. केबिनवाल्या ताई तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायच्या आणि लागेल तेव्हा रेडिओवर बोलायच्या. वहिनीला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं. खिडकीत तेलाच्या डब्यात लावलेला त्यांचा वेल पाच पांढऱ्या काठ्यांवर चढला होता आणि स्टुलाचा धक्का लागून सगळा एका अंगाला कलला. वहिनीनं बोलता बोलता काठ्या हातांनी दाबून सरळ केल्या.

“शपथेवर सांगते वहिनी, मी सात नंबरचा आवाज ऐकला नाही,” ताई म्हणाल्या. “तुमचे दीर आहेत म्हणून खोटं कसं बोलू?”

“खोटं नकोच बोलू. त्या दिवशी बाकीच्यांचं ऐकलंस का?”

“जुन्या गाड्यांचं ऐकलं. पण खरं सांगू का, आठ-दहा दिवस रेडिओ कसा शांत झालाय. आधी कान किटायचे. मला वाटलं, शहाणे झाले सगळे.”

शिट्टी रिकामी गाडी वर नेत होता, वहिनी त्याच्या शेजारी चढली. तो जुन्या बुटक्या गाडीवर होता, अंगानं किडकिडीत आणि बोलायला घाबरलेला.

“वहिनी, तुमच्या दिरानं मला वाचवलं. मी त्याच्या विरुद्ध कशाला बोलेन? पण नाहीच ऐकलं, तर काय सांगू?”

“नाही ऐकलं असंच सांग. वर काही नवीन?”

“नवा हॉपर बसवलाय, खडी गाडीत ओतायचा. जुन्यापेक्षा वीतभर खाली आलाय. आमच्या बुटक्या गाड्यांना काही नाही, पण त्या पाच नव्या उंच गाड्या खालून जाताना अँटेना खडखड वाजायच्या. दोन दिवस वाजल्या, मग थांबलं.”

“थांबलं कसं?”

“थांबलं म्हणजे थांबलं. हॉपर उचलला असेल.” शिट्टीनं वळण घेतलं आणि माइक हातात नसतानाही सवयीनं शीळ घातली.

वर पोचली तेव्हा पाळी संपली होती. पाचांपैकी चार उंच गाड्या अंगणात ओळीनं उभ्या होत्या, चार, नऊ, दहा आणि अकरा नंबर. सात नंबर शेडमध्ये कुलपात होता आणि किल्ली साहेबांकडे होती. वहिनीनं मान वर करून आपल्या अँटेना पाहिल्या. डोक्यावर दोन पुरुष उंचीला, उजव्या आरशाच्या दांड्याला, सगळ्या ताठ, टोकाच्या काळ्या रबरी टोप्या जागच्या जागी. त्या बसवताना तिनं महिनाभर डोकं खपवलं होतं. या गाड्यांची केबिन फायबरची, म्हणून लोहचुंबकाची अँटेना चिकटणारच नाही. खाली बंपरवर लावावी तर गाडीचं धूड आड येतं. म्हणून आरशाचा दांडा धरला. पण दांडा फायबरवर, त्याला खालच्या लोखंडाचा आधार नाही, म्हणून तांब्याची पट्टी थेट चासीपर्यंत नेली. काठी निवडली ती फायबरची, जिच्या टोकाकडच्या वीतभरात तांब्याची तार दाट गुंडाळलेली असते, कारण छताच्या वर येणारा भाग तोच. तार दारात चेमटू नये म्हणून वेगळी फिरवून घेतली. इतकं करून कुणी आपल्याला अडाणी म्हणावं, याचा तिला नव्यानं संताप आला.

मेस्त्री हात धुत होते. ते खाणीतले सगळ्यात जुने, आणि वहिनीशी नेहमी गप्पा मारायला उभे राहणारे. आज त्यांनी हात धुवायला फार वेळ घेतला.

“मीटर तुम्ही लावलात?” वहिनीनं विचारलं.

“लावला.”

“सात नंबरवर?”

“कागदावर लिहिलंय की, वहिनी.”

“मी कागदाला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय.”

मेस्त्रींनी हात पुसले, पुन्हा पुसले. “अँटेना म्हणजे काय हो शेवटी? एक काडी. लांब झाली की कापायची, हे तुम्हीच दाखवलंय मला. घरी जा. उशीर होईल.”

ती निघाली तेव्हाही ते कोरडे हात पुसतच होते.

४

वहिनीचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं आणि दिवेलागणीलाही ते एका डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे. वहिनी समोर बसून सगळं सांगत होती आणि बोलता बोलता उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर खसाखसा घासत होती.

“भावोजींनी हाक दिली म्हणतात, ते खरं. शिट्टीनं ऐकली नाही, ते खरं. ताईनं ऐकली नाही, तेही खरं. सगळेच हरिश्चंद्र! मग खोटं बोलतंय कोण?”

“आज काय कापलंस?” यजमानांनी विचारलं.

“काय?”

“बोटं खाजवतेयस. फायबरची काठी कापलीस की तुझी अशी गत होते. रात्रभर झोपत नाहीस आणि मलाही झोपू देत नाहीस.”

“आज मी काही कापलं नाही,” वहिनी म्हणाली. “हत्यारांची पिशवी उघडलीच नाही.”

यजमानांनी तिचा हात दिव्याखाली ओढला, भिंग लावलं आणि बारीक चिमट्यानं बोटाच्या पेरातून काहीतरी उपटलं. केसाहून बारीक, पांढरं, काचेचं कुसळ होतं ते.

“न कापता हे शिरत नाही. अखंड काठीवर वरून वेष्टण असतं. कापलेल्या तोंडालाच ही कुसळं सुटतात. आज कशाला हात लावलास ते आठव.”

वहिनीनं आठवलं. केबिनचं दार, स्टूल, शिट्टीच्या गाडीचा दांडा, मेस्त्रींचा नळ. मग तिचा हात आपोआप हवेत गेला आणि काहीतरी दाबून सरळ करावं तसा फिरला.

“अहो,” ती म्हणाली, “ताईच्या वेलाच्या काठ्या!”

ती उठली आणि फडताळातून आपली वही काढली. प्रत्येक गाडीला अँटेना बसवली की तिन्ही चॅनेलवरचे आकडे ती त्या वहीत लिहायची. कारण अँटेना तीच असली तरी गाडी बदलली की आकडे बदलतात, दोन गाड्यांचे सहसा जुळत नाहीत. सात नंबरच्या पानावर होतं १.६, १.५, १.८. फायबरच्या केबिनवर, आरशाच्या दांड्यावर यापेक्षा खाली ती कधी गेली नव्हती आणि ते पुरेसं होतं. १.१, १.१, १.२ हे आकडे मात्र वहीत एकाच पानावर होते. पान उघडल्यावर तिनं वर लिहिलेलं नाव दोनदा वाचलं.

“काय गं?” यजमान म्हणाले.

“मीटर लावला होता, हे खरं आहे,” वहिनी म्हणाली. “फक्त गाडी दुसरी होती.” मग तिचा चेहरा उतरला. “अहो, पण काठ्या पाच होत्या. सात नंबर शेडमध्ये आहे. बाकीच्या चार गाड्या सकाळी सातला भरून निघतील.”

५

सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना ताईंनी केबिन उघडली आणि त्यांच्या मागोमाग वहिनी आत घुसली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिनं वेलातली एक काठी उपटली आणि बोटानं माती पुसली. वीतभर लांबी, एका टोकाला करवतीचं ओबडधोबड तोंड, आणि पांढऱ्या वेष्टणाखाली दाट गुंडाळलेली तांब्याची तार.

“या कुठून आणल्यास?”

“मेस्त्रींच्या भंगारातून. हॉपर बसला त्या आठवड्यात. का हो, काय झालं?”

“गाड्या थांबव. सगळ्या. आत्ता.”

ताईंचा हात माइकपर्यंत गेला आणि थांबला. “साहेबांच्या हुकमाशिवाय गाड्या थांबवल्या तर घरी बसवतील मला. मला दोन मुली आहेत वहिनी.”

“मग तू बस. मी थांबवते. माझं काम तसंही आज जाणारच आहे.”

वहिनीनं माइक ओढून घेतला. “सगळ्या गाड्यांना सांगतेय. वहिनी बोलतेय. आहात तिथे थांबा, कुणीही खाली उतरू नका. चार, नऊ, दहा, अकरा, तुमच्या हाका कुणाला ऐकू येत नाहीत. पुन्हा सांगते, तुमच्या हाका ऐकू येत नाहीत. थांबा.”

तिनं बटण सोडलं. रेडिओतून नुसती खरखर आली.

तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा बटण सोडलं. खरखर. दोन वर्षं या रस्त्यावर कुणी उत्तर दिलं नव्हतं आणि आजही देत नव्हतं. ते थांबले होते की निघाले होते, ऐकूनही नियम पाळत होते की ऐकलंच नव्हतं, काही कळायला मार्ग नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. आपला दीर त्या दिवशी नेमका याच शांततेवर विश्वासून वळला होता, हे वहिनीला आता हाडामासांत कळलं.

“अरे बोला कुणीतरी!” ती माइकमध्ये ओरडली. “नियम गेला चुलीत!”

आणि मग एक शीळ ऐकू आली.

“शिट्टी बोलतोय. ऐकलं, वहिनी. मी वर खाणीच्या तोंडाशीच आहे. अकरा नंबर निघालाच होता, माझी गाडी त्याच्यासमोर आडवी घातली. आता कोण जातो बघतो.”

वहिनीनं माइक खाली ठेवला. बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला होता.

६

साहेब जीपमधून उतरले ते लाल चेहऱ्यानं. मागून हातात फाईल घेतलेले परवाना कचेरीतले अधिकारी उतरले, म्हातारे आणि सावकाश चालणारे.

“गाड्या कुणाच्या परवानगीनं थांबवल्या?”

“माझ्या,” वहिनी म्हणाली.

“तुम्ही कोण?”

“काल सही मागताना ठाऊक होतं तुम्हाला.” तिनं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. “साहेब, चौकशी इथेच करा. ऑफिसात कागद आहेत, इथे गाड्या आहेत. मला पाव तास द्या. मग माझं काम घ्या, दिराचा परवाना घ्या, काय हवं ते घ्या.”

अधिकाऱ्यांनी स्टूल ओढलं. “पाव तास दिला.”

वहिनीनं माइक उचलला. “शिट्टी, चार नंबरवाल्याला सांग, हाक दे. चार नंबर, भरलेली, पहिलं वळण सोडलं.”

केबिनमध्ये सगळे कान देऊन राहिले. खरखरीशिवाय काही आलं नाही.

“दिली का रे?”

शीळ वाजली. “दोनदा दिली की! माझ्या शेजारीच उभ्या असलेल्या गाडीतून दिली. माझ्या रेडिओवर खणखणीत आली.”

“इथे नाही आली,” ताई पुटपुटल्या.

“नऊ, दहा आणि अकराला सांग.”

तिघांनीही हाका दिल्या, शिट्टीनं तसं कळवलं. केबिनमध्ये एकही पोचली नाही. अधिकाऱ्यांनी फाईल बाजूला ठेवली.

“शेजारच्याला ऐकू येतं, मधे डोंगराचं एक वळण आलं की नाही,” वहिनी म्हणाली. “आणि त्यांना मात्र सगळ्यांचं ऐकू येतं, कारण बाकीच्यांच्या अँटेना धड आहेत. म्हणून आपण मुके झालोय हे त्यांना कळत नाही. दुसरीकडे कुठे असतं तर तासाभरात कळलं असतं, कारण हाक दिली आणि उत्तर आलं नाही तर माणूस चौकशी करतो. इथे उत्तर न येणं हीच चांगली खूण. नवा हॉपर वीतभर खाली बसला आणि पाच उंच गाड्यांच्या अँटेना त्याला लागायला लागल्या. तेव्हा कुणीतरी पाचही अँटेनांची टोकं वीतभर कापली आणि वर टोप्या परत चढवल्या. ही त्यातली एक.” तिनं काठी अधिकाऱ्यांच्या हातात दिली. “सांभाळून, कुसळं शिरतात. ही तार पाहिलीत? या अँटेनाचा जीव याच वीतभरात असतो.”

“हे ड्रायव्हर लोकांचे उद्योग,” साहेब म्हणाले. “आणि सात नंबर तपासलाय आम्ही. अहवाल आहे.”

“आहे ना. मला फार आवडला तो.” वहिनीनं घडी उलगडली, शेजारी वही उघडून ठेवली. “ही सात नंबरची दीड वर्षापूर्वीची नोंद. १.६, १.५, १.८. ही नवी कोरी अँटेना. आणि हा अपघातानंतरचा अहवाल. १.१, १.१, १.२. गाडी आपटली, आडवी झाली, टोक कापलेलं, आणि आकडे सुधारले! अशानं सगळ्याच गाड्या एकदा आपटून घ्यायला हव्यात.”

अधिकारी पहिल्यांदा हसले. साहेब हसले नाहीत.

“अख्ख्या वहीत हे तीन आकडे एकाच गाडीचे आहेत. लोखंडी छत, बरोबर मधोमध, लांब स्टीलची अँटेना. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम.” तिनं पिशवीतून मीटर काढला. “जीप दारातच आहे. लावू?”

कुणी नको म्हणायच्या आत ती जीपशी पोचली होती. तार सोडवून तिनं मीटर जोडला आणि अधिकाऱ्यांना वाकून बघायला लावलं. पहिल्या चॅनेलवर काटा १.१ वर थांबला, मधल्यावर १.१ वर, शेवटच्यावर १.२ वर.

“जीपवर मीटर कुणी लावला ते मला माहीत नाही,” साहेब म्हणाले. “मेस्त्रीला विचारा. त्याचीच सही आहे.”

तेवढ्यात केबिनमधला रेडिओ खरखरला, पण शीळ वाजली नाही. आवाज म्हातारा होता.

“मेस्त्री बोलतोय. शिट्टीच्या गाडीतून. इथे सगळे उभे आहेत, त्यांच्यासमोर बोलतो. टोकं मी कापली. हॉपर उचलायला तीन दिवस काम बंद ठेवावं लागलं असतं. साहेब म्हणाले, काड्या कापा. जीपची अँटेना बसवताना वहिनींनी टोक कापून आकडा जुळवला होता, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, ही पण तशीच. अपघातानंतर सात नंबरवर मीटर लावला तर काटा लाल पट्टीच्या पार टोकाला. मी साहेबांकडे धावत गेलो. ते म्हणाले, जीपला लाव आणि लिही. पोटापायी लिहिलं. वहिनी, मला माफ करा म्हणत नाही.”

जीपचं ते टोक वहिनीला आठवलं, बोटभर होतं. स्टीलच्या अँटेनाची गुंडाळी बुडाशी असते, टोक कापलं तर फक्त सूर जुळतो. आणि फायबरचं कापलं तर गळाच कापला जातो. हे सांगायला तिला तेव्हा अर्धं मिनिट लागलं असतं. तिनं सांगितलं नव्हतं, कारण मेस्त्री कौतुकानं पाहत होते आणि तिला ते आवडलं होतं.

“ते आपण नंतर बोलू, मेस्त्री,” केबिनच्या खिडकीतून माइक ओढून ती म्हणाली. “तुम्ही आज बोललात ना, ते आधी.”

साहेबांनी अधिकाऱ्यांना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. अधिकारी बाजूला झाले नाहीत. त्यांनी जीपची आणि शेडची किल्ली मागून घेतली आणि आपल्या खिशात टाकली. “चारही गाड्या अँटेना बदलेपर्यंत हलणार नाहीत,” ते म्हणाले. “सात नंबरच्या ड्रायव्हरचा परवाना जागच्या जागी राहील. आता तुमच्याबद्दल मला बरंच लिहायचंय.” मग वहिनीकडे वळून त्यांनी तो अहवाल पुढे धरला. “बाई, बसवणारीची सही राहिलीय.”

वहिनीनं पेन घेतलं. तिन्ही आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: अँटेना कापलेली होती. हाक दिलेली होती. खाली झोकात सही केली, ओढलेली रेघ कागदाच्या बाहेर गेली.

मग ती साहेबांच्या जीपमध्ये चढली, तार जोडली आणि साहेब बघत असताना त्यांचाच माइक तोंडाशी धरला.

“सगळ्या गाड्यांना सांगतेय. आजपासून हाक ऐकली की ऐकली म्हणायचं. ज्याला नियम मोडल्याची भीती वाटेल त्यानं माझं नाव सांगावं. आता नीट ऐका. सात नंबरनं हाक दिली होती. ऐकलं का?”

खरखर झाली. मग जुन्या बुटक्या गाड्यांचे आवाज एकामागून एक यायला लागले. दोन नंबर, ऐकलं वहिनी. पाच नंबर, ऐकलं. केबिनच्या खिडकीतून ताईंनी आपल्या माइकमध्ये सांगितलं, केबिन, ऐकलं. तीन, सहा, आठ. मग सगळं शांत झालं. चार आवाज यायचे राहिले होते, ते येणार नव्हतेच. वहिनीनं माइक ठेवायला हात खाली घेतला, तेवढ्यात शीळ वाजली.

“वहिनी, थांबा. चार, नऊ, दहा आणि अकरा पण बोलतायत. चौघं खिडकीतून डोकी काढून ओरडतायत. तुम्हाला ऐकू येणार नाही, पण ओरडतायत.”

वहिनीनं डोळे पुसले आणि बटण दाबलं.

“ऐकलं म्हणून सांग त्यांना,” ती म्हणाली.